खूण मिळून आली नाही

2025 च्या जुलैतली गोष्ट. रविवारी सकाळी दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. जुन्नरला पाऊस धरून बसला होता. दादा ओटीवरून बोलत असणार, कारण मागे पन्हळीचं पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. तब्येतीची विचारपूस झाली, भाताच्या लावणीचं झालं, आणि मग म्हणाले, "अगं, पेपरात आलंय, पृथ्वी जोरात फिरायला लागलीय म्हणून. दिवस दीड मिलिसेकंदानं लहान झाला म्हणे. हे मोजतं कोण?"

मी म्हटलं, "आम्ही मोजतो, दादा."

पलीकडे क्षणभर नुसता पाऊस. मग प्रश्न आला, "कशानं?"

हा अस्सल मोजणीदाराचा प्रश्न. दादा भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. किती भरलं, हे त्यांच्या लेखी नंतरचं. आधी कशानं मोजलं, कुठल्या खुणेपासून मोजलं आणि मोजताना हजर कोण होतं ते सांगा. मी या कामात बारा वर्षं आहे आणि एवढ्या वर्षांत त्यांना हे कधी नीट बसून सांगितलं नव्हतं, याची त्या सकाळी मला लाज वाटली. "पोरगी जर्मनीत रेडिओ दुर्बिणीच्या कामात असते" एवढंच घरात ठाऊक. सगळ्यांना वाटतं मी तारे बघते. आम्ही आकाशाला कान लावतो खरे, पण मोजतो ती पायाखालची जमीन. त्या दिवशी दीड तास बोलले, ते इथे लिहून काढते आहे.

आकाशात क्वेसार नावाच्या वस्तू आहेत. फार दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यात प्रचंड कृष्णविवरं असतात, त्यांच्याकडे ओढला जाणारा वायू तापून धगधगतो आणि तिथून निघालेल्या रेडिओ लहरी आपल्यापर्यंत येतात. 3सी 273 हा त्यातला सगळ्यात ओळखीचा. 1963 मध्ये मार्टेन श्मिट यांनी तो किती लांब आहे हे ओळखलं. आजच्या हिशेबानं ते अंतर सुमारे 2.4 अब्ज प्रकाशवर्षं भरतं. एवढ्या लांबची वस्तू कितीही वेगानं जात असली तरी आपल्याला जागची हललेली दिसत नाही. मोजणीला लागते तशी पक्की खूण ती हीच. जमिनीवर पक्की खूण नाहीच. बांध कोरला जातो, दगड उपटला जातो, आणि आपण ज्या भूखंडावर उभे आहोत तो अख्खा भूखंड वर्षाला पाचएक सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. म्हणून मोजणीच्या खुणा त्या तिकडे मानल्या आहेत. 1 जानेवारी 2019 पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय यादीत असे 4,536 उगम आहेत, आणि त्यातल्या 303 उगमांवर सगळी चौकट उभी आहे.

आता दोन रेडिओ दुर्बिणी घ्या. एक हवाई बेटांतल्या काउआईवर, कोकी पार्कला. दुसरी जर्मनीच्या बव्हेरियातल्या वेटझेल गावाजवळ. दोन्ही एकाच क्षणी एकाच क्वेसारकडे वळलेल्या. त्याची लहर एकीवर आधी पोचते, दुसरीवर मागाहून. हा मधला वेळ जास्तीत जास्त एका सेकंदाचा तिसावा भाग असेल, पण तो जर नेमका मोजता आला तर दोन दुर्बिणींमधलं अंतर कळतं, आणि पृथ्वी त्या क्षणी किती वळलेली होती तेही कळतं. नेमका म्हणजे किती नेमका? प्रकाशाला 3 मिलिमीटर जायला 10 पिकोसेकंद लागतात. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा हजारावा भाग. आमचा हिशेब त्या घरात चालतो.

दोन दुर्बिणींमधल्या त्या रेषेला आम्ही 'बेसलाइन' म्हणतो. हा शब्द दादांनी लगेच उचलला. 1802 मध्ये विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साखळीनं साडेसात मैलांची बेसलाइन मोजली, त्याला 57 दिवस लागले, आणि तिथून हिंदुस्थानची थोरली त्रिकोणमितीय मोजणी सुरू झाली, हे त्यांना तोंडपाठ. त्या मोजणीतच म्हातारा झालेला लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. "साडेसात मैलांना सत्तावन दिवस," दादा म्हणाले, "आणि तुमची केवढी?" मी म्हटलं, "सरळ पृथ्वीच्या पोटातून धरली तर दहा हजार किलोमीटरच्या वर." ते काही बोलले नाहीत. पण त्यांना ते आवडलं, हे मला त्या गप्प राहण्यावरून कळलं.

त्यांची साखळी 33 फुटांची. 33 गुणिले 33 म्हणजे एक गुंठा. माझ्या लहानपणी ती घरातच, दाराआडच्या खिळ्याला टांगलेली असायची, आणि उन्हाळ्यात तिला हात लावला की दादा म्हणायचे, ऊन आहे, आज ती लांब झालीय. आमच्या दुर्बिणींचंही तसंच आहे. ऊन तापलं की वीस मीटरच्या तबकडीचा मनोरा काही मिलिमीटर वर चढतो, रात्री खाली येतो. वेटझेलला आणि स्वीडनमधल्या ऑन्सालाला हा चढउतार मोजायला मनोऱ्यात इन्व्हारची तार सोडलेली आहे. इन्व्हार म्हणजे तापमानानं जवळजवळ न वाढणारा मिश्रधातू. मोजपट्टीचीसुद्धा मोजणी करायची असते.

"पण एक इथं नि एक तिथं," दादांनी विचारलं, "मधी दोर नाही, काही नाही. दोघींचं जुळवता कसं?"

समजा, जुन्नरचा बाजार भरलाय. बाजाराच्या या टोकाला एक माणूस आवाज मुद्रित करतोय, त्या टोकाला दुसरा. दोघांच्याही मुद्रणात नुसता गलका आहे. वांगी, बटाटे, रिक्षा, लाउडस्पीकर. लांब कुठेतरी देवळात घंटा वाजते आहे, पण ती दोघांपैकी कुणालाही ऐकू येत नाही, गलक्यात पार बुडून गेलीय. आता दोन्ही मुद्रणं एकावर एक ठेवा आणि एक थोडं थोडं पुढेमागे सरकवत न्या. गलका दोघांचा वेगवेगळा, म्हणून तो कधीच जुळत नाही. घंटा मात्र दोन्हीकडे तीच. एका ठरावीक जागी आल्यावर ती घंटा एकदम वर येते. किती सरकवावं लागलं, तेच आमचं उत्तर. हे सरकवण्याचं काम जिथे होतं त्या यंत्रणेला कोरिलेटर म्हणतात, आणि घंटा वर आली की आम्ही म्हणतो 'फ्रिंज मिळाली'. पूर्वी याला खास बनवलेली यंत्रं लागत, आता संगणकांची रांग ते करते. बारा वर्षांनीसुद्धा पडद्यावर त्या सपाट गवतातून एक सुळका वर आलेला दिसला की मला बरं वाटतं. त्याची सवय होत नाही.

क्वेसारची ही घंटा किती बारीक असते ते सांगायला हवं. दुर्बिणीत येणाऱ्या एकूण खरखरीच्या हजाराव्या भागाएवढा त्याचा वाटा असतो, कधी त्याहूनही कमी. म्हणून रिसीव्हर हेलियमनं थंड करून उणे अडीचशे अंशांपर्यंत उतरवतात, नाहीतर त्याची स्वतःचीच ऊब कानात भरते. आणि दोन्हीकडच्या मुद्रणाला वेळेचा शिक्का बसतो तो हायड्रोजन मेसर नावाच्या घड्याळाचा, जे दिवसभरात सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढंही भरकटत नाही. 1967 मध्ये कॅनडात आणि अमेरिकेत हे पहिल्यांदा जमलं, तेव्हा अमेरिकेतल्या प्रयोगात संगणकाच्या चुंबकीय फितीचं एक रीळ 3 मिनिटांत संपायचं. आता नव्या 13 मीटरच्या दुर्बिणी दिवसाला तीसएक टेराबाइट माहिती गोळा करतात.

हे झालं यंत्रांचं. मला खरं सांगायचंय ते माणसांचं.

या कामाला कुणी एक मालक नाही. 1999 पासून एक आंतरराष्ट्रीय सेवा आहे, तिच्यात जगभरच्या संस्था आपापली दुर्बीण, आपापली माणसं, आपापला कोरिलेटर घेऊन येतात. करार आहे तो बहुतांशी शब्दाचा. वर्षभराचं वेळापत्रक आधी तयार होतं. दर सोमवारी एक सेशन, दर गुरुवारी एक. सोमवारचं सेशन जागतिक वेळेनुसार 17 वाजता सुरू होतं. तेव्हा हवाईत सकाळचे सात वाजलेले असतात, टास्मानियातल्या होबार्टला मंगळवारची पहाट झालेली असते, आणि जुन्नरला रात्रीचे साडेदहा, म्हणजे दादा झोपलेले असतात. तिथून पुढे 24 तास ज्यांची पाळी असेल ती सगळी स्टेशनं एकाच कागदावर चालतात. अमुक वाजून अमुक मिनिट अमुक सेकंदाला सगळ्यांनी अमुक क्वेसारकडे वळायचं, मिनिटभर ऐकायचं, मग पुढच्याकडे.

तो कागद बनवणं ही स्वतंत्र विद्या आहे, आणि मला त्या माणसांचं फार कौतुक आहे. कोकी पार्क आणि वेटझेल यांना एकाच वेळी दिसणारं आकाश म्हणजे एक चिंचोळी पट्टी. एकाला जे पूर्वेच्या क्षितिजालगत, ते दुसऱ्याला पश्चिमेच्या. कुणाची दुर्बीण झपाट्यानं वळते, कुणाची जुनी, जड, सावकाश. शिवाय प्रत्येक दुर्बिणीच्या पोटातून जाड केबल गेलेल्या असतात. एकाच दिशेनं वळत राहिलं तर पीळ बसतो, म्हणून दीड फेऱ्यांनंतर ती आल्या वाटेनं उलटी फिरवून आणावी लागते. वेळापत्रक लिहिणाऱ्याला प्रत्येकीचा पीळ लक्षात ठेवावा लागतो. नाहीतर आठजणी क्वेसारकडे तोंड करून बसल्यात आणि नववी अजून पीळ सोडवतेय, असं होतं.

सेशनच्या आधी स्टेशनं एकमेकांना निरोप पाठवतात. दोन अक्षरी नावं असतात, वेटझेल म्हणजे डब्ल्यूझेड, कोकी पार्क म्हणजे केके. तयार आहोत. रिसीव्हर थंड आहे. घड्याळ जीपीएसच्या इतके मायक्रोसेकंद पुढे आहे. आभाळ ढगाळ, वारा एवढा. खाली ऑपरेटरचं नाव. ही नावं मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे, यांतल्या बहुतेकांना पाहिलेलं नाही. होबार्टहून ऑस्ट्रेलियातल्या तीन दुर्बिणी एकाच खोलीतून चालवतात, रात्रपाळीला पुष्कळदा विद्यापीठातले विद्यार्थी असतात. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डवर न्यू-ओलेसुंडला स्टेशन आहे, तिथे रेडिओशांतता राखायची म्हणून मोबाइल आणि वायफाय चालत नाही, आणि वस्तीबाहेर पडताना पांढऱ्या अस्वलांच्या भीतीनं बंदूक बरोबर ठेवावी लागते. अंटार्क्टिकाच्या टोकावरची ओ'हिगिन्सची दुर्बीण वेटझेलच्या माणसांनी जर्मनीत बसून चालवलेली आहे. प्रत्येकाचं हवामान वेगळं, सुट्ट्या वेगळ्या, सण वेगळे. ख्रिसमस असो, दिवाळी असो, पृथ्वी फिरायची थांबत नाही.

चोवीस तासांच्या या दोन सेशनांखेरीज रोज तासाभराचं एक छोटं सेशन असतं. त्याचा उद्देश एकच, पृथ्वी आज नेमकी किती फिरली. दादांच्या पेपरातली बातमी इथून येते. 5 जुलै 2024 चा दिवस 86,400 सेकंदांपेक्षा सुमारे 1.66 मिलिसेकंदांनी लहान भरला होता. मिलिसेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं. पण विषुववृत्तावरची जमीन सेकंदाला 465 मीटर वेगानं धावते, म्हणजे मिलिसेकंदाला जवळजवळ हातभर. आणि मंगळ जेव्हा 22 कोटी किलोमीटरवर असतो, तेव्हा पृथ्वीच्या वळण्यातली एका मिलिसेकंदाची चूक तिथे 16 किलोमीटरची होते. 24 सप्टेंबर 2014 ला आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा मंगळ साधारण तेवढ्याच अंतरावर होता. यान कुठे आहे हे पृथ्वीवरच्या अँटेनांनी सांगायचं, आणि अँटेना ज्या पृथ्वीवर उभ्या आहेत ती किती वळलीय हे कुणीतरी आधी सांगायचं.

"जीपीएस असताना हे कशाला?" असं मला शिकलेली माणसंही विचारतात. नारायणगावच्या स्टँडवर आपण एसटीत बसलेलो असतो, शेजारची गाडी सरकू लागते आणि क्षणभर कळत नाही, आपली निघाली की तिची. खाली फरशीकडे बघितल्यावर उलगडा होतो. उपग्रहांच्या कक्षा स्वतःच हळूहळू वळत असतात. पृथ्वी जास्त फिरली की कक्षा सरकली, हे नुसत्या उपग्रहांवरून दीर्घकाळ सांगता येत नाही. फरशीकडे बघावं लागतं. क्वेसार ही आमची फरशी. म्हणून फोनमधला निळा ठिपका रोज बरोबर जागी दिसावा यासाठी अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या कृष्णविवरांना रोज तासभर ऐकावं लागतं, आणि तो तास पाळायला कुणीतरी जागं असावं लागतं.

त्या जागं असण्यातली एक रात्र मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

मी नवीन होते. स्टेशन कुठलं ते सांगत नाही, त्याचा यात काही दोष नव्हता. 24 तासांचं सेशन, रात्रपाळीला मी एकटी. बाहेर वादळ. 2 वाजून 14 मिनिटांनी दिवे मंदावले, परत आले. मेसर बॅटरीवर होता, त्याला काही झालं नाही. पण मुद्रणाला वेळेचा शिक्का मारणारं यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं. त्याला वेळ लावून द्यायची होती. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत हातानं लावली, 2 वाजून 21 मिनिटांनी. मायक्रोसेकंदांचा आकडा तपासला, तो ठीक होता. पण तो मोजणारं यंत्र फक्त सेकंदाच्या आतला फरक दाखवतं. अख्खा एक सेकंद चुकला असेल तर ते गप्प असतं. बटण दाबताना सेकंद पालटत होता. मला तेव्हाच वाटलं होतं, आपलं बोट एक सेकंद उशिरा पडलं की काय.

वाटलं होतं, आणि मी ते लिहिलं नाही. लॉगमध्ये, म्हणजे पाळीच्या नोंदवहीत, लिहिलं, "थोडा वेळ वीज गेली होती, आता सर्व सुरळीत." पुढच्या आठवड्यात माझ्या नोकरीच्या मुदतवाढीबद्दल बोलणं व्हायचं होतं. चार स्कॅन, म्हणजे क्वेसारकडे वळून ऐकायच्या चार पाळ्या, बुडाले हे लिहायचंच जड गेलं होतं. त्यावर आणखी, वेळ मी हातानं लावली आणि ती बरोबर लागली की नाही याची मला खात्री नाही, हे लिहिण्याएवढं बळ माझ्याकडे नव्हतं.

अकराव्या दिवशी कोरिलेटरवरून मेल आली. त्या रात्री 2:21 पासून तुमच्या स्टेशनच्या फ्रिंज मिळत नाहीत, काही कारण माहीत आहे का, अशी सरळ, सभ्य भाषा. लिहिणारा माणूस दोन दिवस शोधत होता. त्यानं घड्याळाचा फरक पुढेमागे करून पाहिला होता, रिसीव्हर गरम झाला का पाहिलं होतं, केबल उलटसुलट लागल्या का ते पाहिलं होतं. माझ्या 'सर्व सुरळीत'वर त्यानं विश्वास ठेवला होता, म्हणून तो भलतीकडे शोधत राहिला. सोमवार आणि गुरुवारच्या सेशनचा निकाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. त्याचे दोन दिवस मी खाल्ले होते.

मी त्याला खरं लिहिलं. 2:21 ला वेळ हातानं लावली, एक सेकंद चुकला असण्याची शक्यता आहे, हे मला त्याच वेळी वाटलं होतं.

तासाभरात उत्तर आलं. "एक सेकंदच होता. फ्रिंज मिळाल्या. पुढच्या वेळी लॉगमध्ये लिही." एवढंच. 2:21 नंतरची माहिती सगळी शाबूत होती, त्यातलं एकही स्कॅन वाया गेलं नव्हतं. हरवलं होतं ते फक्त एक वाक्य.

नंतर मी स्वतः कोरिलेटरच्या बाजूला आले, आणि आता लॉग वाचणं हेच माझं काम आहे. बारा वर्षांत मला जे पटलंय ते इतकंच, की दुर्बीण बिघडली तर चालतं. वारा वाढला म्हणून तबकडी आभाळाकडे तोंड करून बांधून ठेवली, चालतं. रिसीव्हर गरम झाला, बर्फ साचला, शेजारच्या मनोऱ्याच्या रेडिओ लहरींनी आमच्या लहरींचा अर्धा पट्टा खाल्ला, सगळ्यातून वाट निघते, फक्त तिथल्या माणसानं तसं लिहिलेलं असावं. चांगल्या ऑपरेटरचा लॉग मी लगेच ओळखते. त्यात 'बहुतेक' असतं, 'खात्री नाही' असतं, वेळ मिनिटासकट असते. एका स्टेशनवरचा एक गृहस्थ दर पाळीला, काही घडलेलं नसलं तरी, शेवटी लिहितो की अमुक वाजता पाच मिनिटं खोलीत नव्हतो. त्याच्या लॉगवर मी डोळे मिटून विसंबते.

आणि मोठ्या गोष्टीही अशाच नोंदींतून कळतात. चिलीत कॉन्सेप्सियोन इथे जर्मनीनं उभारलेली टायगो नावाची दुर्बीण होती. 27 फेब्रुवारी 2010 च्या भूकंपात ते अख्खं शहर दुर्बिणीसकट सुमारे 3 मीटर पश्चिमेला सरकलं. स्टेशन तिथेच उभं, लोक तेच, पण नकाशावरचा पत्ता खोटा झाला. पुढच्या वर्षी 11 मार्चला जपानचा भूकंप झाला आणि त्सुकुबाची दुर्बीण अर्ध्या मीटरहून जास्त पूर्वेला गेली. अशा वेळी स्टेशनाचे जुने निर्देशांक टाकून द्यावे लागतात, आणि जमीन पुढची कित्येक वर्षं कशी सावकाश सरकत राहते ते सेशनमागून सेशन जुळवत बसावं लागतं. तोवर रोजच्या फिरण्याच्या हिशेबात त्या स्टेशनला पूर्वीसारखं धरता येत नाही.

आपल्याकडचंच घ्या. मुंबईत अपोलो बंदरला 1878 पासून भरती-ओहोटीच्या पातळीच्या नोंदी आहेत. मुंबईला समुद्र वर येतोय का, या प्रश्नाचं उत्तर त्या नोंदींत आहे, पण अर्धंच. मापक जमिनीवर उभा आहे. पाणी चढलं की जमीन खचली, हे तो मापक एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी जमिनीची उंची पृथ्वीच्या केंद्रापासून मोजावी लागते, आणि ती चौकट वर्षाला एखाद्या मिलिमीटरनंही डगमगता कामा नये. जगभर समुद्र चढतोय तोच वर्षाला तीन-चार मिलिमीटर. आमच्या दुर्बिणींतली चूक त्याच्या घरात गेली तर मुंबईला सांगायला आमच्याकडे काही उरत नाही. हे दादांना सांगताना माझा आवाज चढला होता, असं ते नंतर आईला म्हणाले.

खोडदच्या जीएमआरटीचा, आपल्याकडच्या त्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा, विषय निघालाच. लहानपणी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ती सगळ्यांना बघायला खुली असते तेव्हा दादाच मला घेऊन गेले होते. 45 मीटरच्या तबकड्या, जाळीच्या, आरपार आभाळ दिसणाऱ्या. अशा तीस. तिचं काम वेगळं, ती लांब लहरींवर विश्वाचा अभ्यास करते, आमच्या लहरी 3.6 आणि 13 सेंटिमीटरच्या. पण मी या वाटेला लागले ती त्या दिवसापासून. दादांना तो दिवस आठवत होता. मी तेव्हा विचारलेला प्रश्नही आठवत होता: एवढी मोठी आहे तर हिचा सात-बारा कुणाच्या नावावर?

बोलणं संपत आलं तेव्हा दादांनी मघापासून मनात धरलेलं विचारलं. "सगळं कळलं. पण मोजायचं म्हणजे या दगडापासून त्या दगडापर्यंत. तुमचा दगड कुठंय?"

हा प्रश्न मला आजवर एकाही पाहुण्यानं विचारलेला नाही. दहा हजार किलोमीटर मिलिमीटरात मोजता, पण कुठपासून कुठपर्यंत? तबकडीच्या कडेपासून? पायापासून? मी सांगितलं. दुर्बीण दोन आसांवर फिरते, एक उभा, एक आडवा. ते जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू. दुर्बीण कुठेही वळली तरी तो हलत नाही, म्हणून तोच धरायचा. पण तिथे दगड नाही, खिळा नाही, बोट ठेवायला काही नाही. बहुतेक वेळा तो लोखंडाच्या आत, नाहीतर पोकळ हवेत असतो. भोवती काँक्रीटचे खांब बांधलेले असतात, त्यांच्यावर तुमच्यासारखी माणसं टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून बसतात. तबकडीवर एक आरसा बसवतात, ती थोडी थोडी फिरवतात, दर वेळी कोन आणि अंतर घेतात. आरसा एक गोल काढतो, त्या गोलांच्या मध्यावरून तो बिंदू हिशेबानं काढायचा.

दादा बराच वेळ गप्प होते. मला त्यांचं जुनं टिपण डोळ्यांपुढे आलं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःपुरत्या काही वह्या ठेवल्यात, पिवळ्या पडलेल्या, पेन्सिलीनं काढलेले नकाशे, कडेला बारीक अक्षर. एका पानावर, कुठल्याशा वादातल्या गटाच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, एक छोटं वर्तुळ आहे आणि शेजारी लिहिलंय: 'जागेवर खूण मिळून आली नाही.' त्या वेळी दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी होती, आणि कुठलाही एक दगड दाखवून मोकळं होणं सोपं होतं, हे मला आईनं सांगितलेलं. दादांनी कधी सांगितलं नाही.

"म्हणजे," ते अखेर म्हणाले, "जागेवर खूण मिळून येत नाही."

"नाही येत, दादा. काढावी लागते."

"मग तसं लिहिता ना?"

"लिहितो," मी म्हटलं. आणि मग 2 वाजून 14 मिनिटांपासूनची ती रात्र त्यांना सांगायला सुरुवात केली.